बेचाळीस दिवस

प्रिय सुधीर,

तुझं पत्र मिळालं. ‘चिकन सोडलंस? साधू झालास की काय?’ नाही रे लेका. पाप-पुण्याचा हिशोब मला कधी जमला नाही. मला एक आकडा छळतोय, 42 दिवस.

आपण कोंबडी म्हणून खातो ती ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत कापली जाते. वजन दोन किलोंच्या वर, पण आवाज अजून पिलाचाच, चिवचिव! पैदास करतानाच मांस झपाट्यानं वाढणारे पक्षी निवडत गेले. पाय आणि हृदय त्या वाढीला पुरे पडत नाहीत. शेवटी शेवटी काहींना दाण्यापर्यंत चालवत नाही. ओल्या भुश्शावर बसून राहतात आणि विष्ठेतल्या अमोनियानं छातीची, तळव्यांची कातडी सोलवटते. मग म्हटलं, अंडं तरी निर्दोष असेल. तर साध्या पिंजऱ्यात अंड्यांच्या जातीच्या एकेका कोंबडीच्या वाट्याला ए-फोर कागदाएवढीही जागा नाही (युरोपीय संघानं 2012 पासून ते पिंजरे बंद केले), आणि त्या जातीची नर पिलं अंडी देत नाहीत, मांसालाही परवडत नाहीत, म्हणून बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी मारतात.

‘जीवो जीवस्य जीवनम्’ म्हणशील. मान्य. पण वाघाच्या तोंडी जाईपर्यंत हरीण हरणासारखं जगलेलं असतं. माझं भांडण मारण्याशी नाही, निदान अजून तरी नाही. त्याआधीच्या जगण्याशी आहे.

तब्येतीचा प्रश्न मी वेगळा समजत होतो. तो ह्याच शेडमधून निघतो. हजारो पक्षी दाटीवाटीनं ठेवले की रोग आलाच, म्हणून औषधं. त्यात 1950च्या सुमारास कळलं की खाद्यात थोडं अँटिबायोटिक मिसळलं की वाढ लवकर होते. झालं! रोज थोडं थोडं औषध म्हणजे जंतूंची तालीमच. कॉलिस्टिन हे अँटिबायोटिक म्हणजे डॉक्टरांचं अगदी शेवटचं हत्यार. त्याला दाद न देणारं, एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारं जनुक 2015 साली चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि माणसांतही सापडलं. लोक मांसात उरलेल्या औषधाला घाबरतात. मला भीती ह्या निबर जंतूंची. नीट शिजवलं की ते मरतात, खरंय. पण कच्चं मांस कापलेल्या सुरीनंच आपण काकडी चिरतो, आणि शेडमधलं खत शेतात जातं, त्याचं काय?

तुझ्या लाडक्या सॉसेजचं वेगळंच. 2015 मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं प्रक्रिया केलेलं मांस तंबाखूच्या गटात टाकलं. दचकू नकोस, तो गट पुराव्याच्या खात्रीचा आहे, धोक्याच्या आकाराचा नव्हे. रोज 50 ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो.

येशील तेव्हा तुझ्यापुरतं चिकन आणून ठेवू का? टोमणा नाही, खरंच विचारतोय. फक्त शिजवायचं तू, आणि सुरी वेगळी.

तुझा,
अविनाश