जिवाणूंतली आंदोलने ‘क्वांटम’ म्हणून खपवू नका

मा. संपादक, स.न.

‘जिवाणू क्वांटम संगणकासारखे चालतात’ हे वाक्य विज्ञानलेखांतून अजून डोकावते. त्याचे मूळ अमेरिकेतल्या बर्कले येथील २००७ सालच्या प्रयोगात आहे; त्यात दिसलेली आंदोलने, म्हणजे संकेतातले लयबद्ध चढउतार, क्वांटम मानली गेली. हरित गंधक जिवाणूंच्या प्रकाश वाहून नेणाऱ्या प्रथिनावरचा तो प्रयोग उणे १९६ अंश सेल्सिअसला झाला होता. २०१७ मध्ये खोलीच्या तापमानाला मोजले, तेव्हा इलेक्ट्रॉनिक सुसंगती (इलेक्ट्रॉनांच्या क्वांटम अवस्थांचा एकमेकींशी जुळलेला ताल) सुमारे ६० फेम्टोसेकंदांतच विरलेली दिसली; एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा दशपद्मांश (१०⁻¹⁵) भाग. जास्त टिकणारी आंदोलने मुख्यतः रेणूंच्या कंपनांची असतात.

आणि ही कंपने काही दुय्यम नव्हेत! जांभळ्या जिवाणूंच्या अभिक्रिया केंद्रात (प्रकाशाने इलेक्ट्रॉन हलवणाऱ्या प्रथिनात) प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन बॅक्टेरिओक्लोरोफिल या रंगद्रव्याच्या जोडीवरून सुमारे ३ पिकोसेकंदांत (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद) बॅक्टेरिओफिओफायटिन या दुसऱ्या रंगद्रव्यावर जातो, पुढच्या २०० पिकोसेकंदांत क्विनोन या इलेक्ट्रॉन स्वीकारणाऱ्या रेणूवर. केंद्र थंड केले की पहिली उडी मंदावत नाही, उलट वेगवान होते. जोडीच्या मंद कंपनाचा एक हेलकावा ३०० फेम्टोसेकंदांच्या आसपास असतो, म्हणजे उडी पुरी होईतो रेणू अनेकदा हलून जातो.

हे टिपायला लेसरच्या एका स्पंदाने केंद्र उद्दीपित करतात आणि थोड्या वेळाने दुसऱ्याने मोजतात; हे स्पंद हेलकाव्याहून बरेच आखूड लागतात. दुसऱ्या स्पंदाच्या वाटेतला परावर्तक आरसा ०.१५ मायक्रोमीटर मागे सरकवला की दुसरा स्पंद १ फेम्टोसेकंद उशिरा येतो. नमुना मात्र सतत फिरता ठेवावा लागतो. क्विनोनवरचा इलेक्ट्रॉन जोडीवर परतायला सुमारे दशांश सेकंद लागतो; तेवढ्यात त्याच केंद्रावर पुन्हा उद्दीपक स्पंद पडला तर केंद्र बंदच, म्हणजे नव्या उडीला अजून तयार नसलेले, सापडते आणि मापन फसते.

अशा बातम्या छापताना प्रयोगाचे तापमान जरूर द्यावे, ही विनंती.

— जीवभौतिकीचे अभ्यासक, पुणे