सलाईन म्हणजे जेवण नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात ॲसिडिटी, गॅस, डाएट यावर दर आठवड्याला काही ना काही येतं, पण आयसीयूतल्या पेशंटचं जेवण कुठून द्यायचं, शिरेतून की पोटातून, यावर कधी काही वाचल्याचं आठवत नाही आणि आमच्या घरावर ती वेळ आली तेव्हा आम्ही सगळे अगदी कोरे होतो, म्हणून हे लिहितेय.

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाचं पोट अचानक दुखायला लागलं, उलट्या थांबेनात. पित्ताशयातला खडा सरकून स्वादुपिंडाला सूज आली होती, पॅन्क्रियाटायटिस. घराजवळच्या नर्सिंग होममध्ये पाच दिवस नुसतं सलाईन. पोटाला आराम द्यायचा म्हणाले, आणि आम्हालाही पटलं कारण आमची आजी आयुष्यभर लंघनाचंच कौतुक सांगायची, आणि बिल्डिंगमधलं जे कोणी भेटायला यायचं ते बाटलीकडे बघून म्हणायचं, सलाईन चालू आहे ना, मग ताकद येईल. त्या बाटलीत काय असतं ते मला नंतर कळलं. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या एका लिटरमध्ये ५० ग्रॅम साखर, म्हणजे दोन चपात्यांएवढ्या कॅलरी. नॉर्मल सलाईन असेल तर नुसतं मीठ-पाणी, कॅलरी शून्य. प्रोटीन दोन्हीत नाही. पाच दिवस माझा भाऊ जवळजवळ उपाशी होता आणि आम्ही बाटल्या मोजत बसलो होतो.

मग त्याला मोठ्या हॉस्पिटलात हलवलं आणि तिथे दुसऱ्याच दिवशी नाकातून नळी टाकून थेट लहान आतड्यात फीड, म्हणजे पातळ अन्न, सुरू केलं, तासाला २० मिली. आम्ही हबकलोच. पोटात एवढी सूज आणि हे वरून खायला घालतायत? काकांनी तर डॉक्टरांशी वादच घातला, म्हणाले पैसे लागले तरी चालतील पण सगळं शिरेतूनच द्या. तेव्हा तिथल्या डाएटिशियन मॅडमनी आम्हाला पॅसेजमध्ये उभं करून पंधरा मिनिटं समजावलं, आणि तेच मला सगळ्यांपर्यंत पोचवायचंय.

आतड्याचं आतलं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. त्याच्या एका बाजूला अब्जावधी जंतू, दुसऱ्या बाजूला आपलं रक्त. शरीराच्या प्रतिकारशक्तीचा फार मोठा भाग इथेच पहाऱ्याला बसलेला असतो. अन्न आतड्यातून सरकत राहिलं की या पेशींना खुराक मिळतो आणि आयजीए नावाच्या अँटीबॉडी तयार होत राहतात, ज्या जंतूंना अस्तराला चिकटूच देत नाहीत. अन्न बंद झालं की अस्तरावरचे बारीक कोंब आखडतात, आयजीए कमी होतं, पेशींमधले सांधे सैल पडतात, जंतूंची जमवाजमव बदलते आणि सूज वाढवणारी रसायनं वर चढतात. हे प्रयोगशाळेत उंदरांवर नीट दिसलंय, माणसांत बदल सौम्य असतात पण दिशा तीच. आणि मला सगळ्यात नवल वाटलं ते हे की आतड्यात तयार झालेल्या या पहारेकरी पेशी रक्तातून फुप्फुसापर्यंत जातात, म्हणजे पोट रिकामं ठेवलं तर छातीचं संरक्षणही ढिलं पडू शकतं. १९९२ मध्ये अमेरिकेत पोटाला मोठी इजा झालेल्या ९८ पेशंटवर अभ्यास झाला, त्यात शिरेतून पोषण दिलेल्यांना न्यूमोनिया जास्त झाला. पॅन्क्रियाटायटिसमध्येही नळीने दिलेल्यांना इन्फेक्शन कमी होतं हे आता डॉक्टर मानतात, आतड्याला पूर्ण आराम ही जुनी पद्धत मागे पडलीय.

शिरेतून द्यायचं पूर्ण पोषण, म्हणजे टीपीएन, वाईट असं मी म्हणत नाही. १९६०च्या दशकात फिलाडेल्फियात डॉ. स्टॅन्ली डड्रिक यांनी ते उभं केलं म्हणून आतडं काम करत नसलेली कितीतरी माणसं, बाळं जगली. २०१४ मध्ये इंग्लंडच्या आयसीयूंमधल्या सुमारे २४०० पेशंटच्या अभ्यासात दोन्ही मार्गांनी मृत्यूचं प्रमाण सारखंच आलं, आणि पेशंट शॉकमध्ये, म्हणजे रक्तदाब फार घसरलेला, असेल तर पोटात घाईने भरणंही धोक्याचं. तो निर्णय डॉक्टरांचाच. पण आतडं चालत असताना नातेवाईकांनी हट्टाने नळी नाकारायची, ते मात्र बरोबर नाही.

आपल्या मुंबईत तर हे नवीन नाहीच. सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली ह्युमन मिल्क बँक, म्हणजे आयांनी दान केलेलं दूध साठवून गरजू बाळांना देणारी पेढी, सुरू केली. अगदी कमी दिवसांच्या बाळाला आधी सलाईन असतं तरी नळीतून आईच्या दुधाचे काही मिली देतातच, पोट भरायला नाही, आतडं जागं करायला. बाळाच्या बाबतीत आपल्याला हे लगेच पटतं मग मोठ्या माणसाच्या नाकात नळी दिसली की शेवट जवळ आला असं का वाटतं कोण जाणे.

माझी मागणी एवढीच की पेशंट ॲडमिट झाल्यावर पहिल्या दोन दिवसांत डाएटिशियनने नातेवाईकांना बोलावून सांगावं, बाटलीत काय आहे, किती कॅलरी जातायत, पोटातून कधी सुरू करणार. नर्सिंग होममध्येसुद्धा. आम्हाला ते कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. तुमच्या आरोग्य पुरवणीत एखाद्या आयसीयू डाएटिशियनशी प्रश्नोत्तरं छापलीत तर फार बरं होईल, नळीतून घरी फीड देताना डोक्याकडची बाजू किती उंच ठेवायची, फीडनंतर पाणी किती सोडायचं, हे पण त्यात घ्या, कारण डिस्चार्जच्या दिवशी हे प्रश्न सुचत नाहीत.

आपली,
एक वाचक, भांडुप (पूर्व), मुंबई