गोष्ट कुणी सांगितली, तेही छापा

महोदय,

आपल्या बालपुरवणीत उन्हाळाभर चाललेली जगातल्या पुराणकथांची माला मी दर रविवारी नातवाला आणि आमच्या इमारतीतल्या पाच-सहा मुलांना वाचून दाखवली. हा विषय मुलांपर्यंत नेल्याबद्दल मनापासून आभार. पण आठांतले पाच भाग ग्रीकांचे, आणि प्रत्येक भागात देवाचं चित्र, शस्त्र, वाहन आणि ‘शक्ती’ असा तक्ता. झ्यूसची वीज, थॉरचा हातोडा. मुलांनी ते तक्ते कापून पत्ते केले आणि कोण कुणाला हरवतो ते खेळत बसली. गोष्ट विचारली तर एकालाही सांगता येईना. म्हणून हे पत्र.

एका भागात ‘जलप्रलयाची कथा सगळीकडे एकच आहे’ असं वाक्य होतं. ते मला पटलं नाही. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातला मनू सकाळी हात धुवायला पाणी घेतो, तर ओंजळीत इवलासा मासा येतो आणि म्हणतो, मला सांभाळ, मी तुला वाचवीन. मासा वाढत जातो तसा मनू त्याला आधी घड्यात ठेवतो, मग खड्ड्यात, शेवटी समुद्रात सोडतो. प्रलयात हाच मासा त्याची नाव शिंगाला बांधून उत्तरेच्या डोंगरापर्यंत नेतो. पुढे एकटा उरलेला मनू पाण्यात तूप, दही अर्पण करतो आणि वर्षभरात त्यातून इडा नावाची स्त्री प्रकटते. आता इराकच्या मातीत सापडलेल्या, मातीच्याच लेखपाट्यांवरची अत्रहासिसाची कथा घ्या. तिथे माणसं फार वाढतात, त्यांच्या गलक्यानं एन्लिल देवाची झोप उडते, म्हणून तो पूर पाठवतो. दुसरा देव मात्र कुडाच्या भिंतीशी बोलल्यासारखं करून एका माणसाला, म्हणजे या अत्रहासिसाला, होडी बांधायची सूचना देतो. ग्रीकांकडे पूर ओसरल्यावर ड्यूकेलियन आणि पिऱ्हा मागे न बघता खांद्यावरून दगड टाकत जातात, त्या दगडांची माणसं होतात. पाणी तिन्हीकडे आहे. पण एका ठिकाणी जपलेल्या जिवानं उपकार फेडले, दुसरीकडे देवांचंच आपसात जमेना, तिसरीकडे माणूस दगडातून नव्यानं उभा राहिला. मुलांना हा फरक सांगितला, तेव्हा खेळातले पत्ते खाली ठेवून ती ऐकायला लागली.

मरणाच्या दारी जाण्याचंही तसंच. मेलेल्या बायकोला परत आणायला ग्रीकांचा ऑर्फियस गेला, जपानचा इझानागी गेला. दोघांनाही ‘बघू नकोस’ असं बजावलं होतं आणि दोघांनीही पाहिलं, इझानागीनं तर कंगव्याचा दात मोडून पेटवला आणि त्याच्या उजेडात पाहिलं. आपल्याकडे जाते ती बायको, आणि सावित्री यमाच्या मागे चालत, बोलत बोलत नवरा सोडवून आणते. गटातल्या दोन मुलींनी ही गोष्ट तीनदा सांगायला लावली.

काही वर्षांपूर्वी आमच्या वरच्या मजल्यावर शिकायला आलेली एक इराणी मुलगी भाड्यानं राहायची. एकदा मी मंडईतून लाल भोपळ्याची मोठी फोड आणली. ती म्हणाली, “काकू, आमच्याकडे भोपळ्याची एक गोष्ट आहे.” म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत लांडगा, बिबट्या, सिंह भेटतात. ती म्हणते, लेकीकडे जाईन, चेलो-पुलाव खाईन, जाड होईन, मग मला खा. परतताना भोपळ्यात बसून येते. मी हातातली विळी बाजूला ठेवली. आमच्या भोरच्या आजीची म्हातारी तूप-रोटी खायची, एवढाच काय तो फरक! मी ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ म्हणून दाखवलं, तिनं ‘कदू-ए-केलकेलेजन’ म्हणजे गडगडत्या भोपळ्याचं गाणं म्हटलं. बंगालीतही ही म्हातारी आहे, तिथे ती लाऊत, म्हणजे दुधी भोपळ्यात बसून गडगडत येते.

आपलं पंचतंत्र सहाव्या शतकात इराणच्या पहलवी भाषेत गेलं, तिथून आठव्या शतकात अरबीत. करटक आणि दमनक या कोल्ह्यांचे तिकडे कलीला आणि दिमना झाले. ते पुस्तकाचं काम होतं. भोपळा मात्र ती तिच्या आजीकडून शिकली होती आणि मी माझ्या. आमची कहाणी ‘आटपाट नगर होतं’ अशी सुरू होते, तिची ‘यकी बूद, यकी नबूद’, एक होता, एक नव्हता. शेवटी आम्ही ‘सुफळ संपूर्ण’ म्हणतो, ते म्हणतात, गोष्ट संपली, पण कावळा काही घरी पोचला नाही. हे या उन्हाळ्यात नातवाला सांगितलं, तर तो लगेच म्हणाला, “कसा पोचेल? त्याचं घर शेणाचं होतं, ते वाहून गेलं!”

माझं मागणं असं आहे. पुढच्या वर्षी माला काढाल तेव्हा प्रत्येक गोष्ट कुठल्या लोकांची, कुठे आणि कशी सांगतात, हे दोन ओळींत द्या. घानाच्या अकान लोकांचा कोळी अनान्सी, ज्यानं अजगर, गांधीलमाशा आणि बिबट्या पकडून आकाशदेवाकडून साऱ्या गोष्टी मिळवल्या, तो गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर जमैकात कसा पोचला, तेही सांगा. नुसतं ‘आफ्रिकी कथा’ लिहू नका. न्यूझीलंडच्या माओरींचा माउई, ज्यानं समुद्रातून बेटच मासा म्हणून ओढून काढलं, तो आज जिवंत असलेल्या लोकांचा पूर्वज आहे, त्याला पत्त्यांतला गडी करू नका.

आणि सांगणाऱ्याचं नाव द्या. हे पुण्याला नवं नाही. ज्यांच्या कारकिर्दीत गणेशखिंडीत आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत उभी राहू लागली, त्या गव्हर्नर फ्रिअर यांच्या मुलीनं 1868 साली दख्खनच्या गोष्टींचं इंग्रजी पुस्तक काढलं. गोष्टी सांगितल्या होत्या तिच्या आयानं, अ‍ॅना लिबराता डिसूझा हिनं, तिच्या आजीकडून ऐकलेल्या. त्या काळातही पुस्तकात आयाचं नाव आलं आणि तिची स्वतःची हकीकतही आली. पुढे पुण्यातच हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्याही गाणारीच्या आणि गावाच्या नावासह.

म्हणून आपल्या पानावर एक कोपरा वाचकांना द्या. घरात ऐकलेली एक गोष्ट, सांगणाऱ्याचं नाव, गाव, बस. माझ्या आजीच्या एकोणीस गोष्टी मी वहीत लिहून ठेवल्या आहेत. त्यातल्या भोपळ्याच्या गोष्टीपासून सुरुवात करायची असेल तर मी ती स्वच्छ अक्षरात उतरवून कार्यालयात आणून देईन. सकाळी अकराच्या आत आले तर चालेल का, तेवढं कळवा.

आपली,
एक आजी, नारायण पेठ, पुणे