प्रौढांनी ऑटिझमच्या तपासणीसाठी कुठे जावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी २ एप्रिलच्या सुमारास, म्हणजे जागतिक ऑटिझम जागरूकता दिनानिमित्त, वर्तमानपत्रांतून स्वमग्न मुलांविषयी चांगले लेख येतात. हाक मारली तरी मूल बघत नाही, बोटाने वस्तू दाखवत नाही, बोलायला उशिरा लागते, ही लक्षणे आता पुष्कळ आईवडिलांना माहीत झाली आहेत आणि त्याचे श्रेय या लेखांनाही आहे. मात्र ज्यांचे बालपण ही माहिती गावात कोणालाच नसण्याच्या काळात गेले, त्या मुलांचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्यांत सहसा येत नाही. ती मुले आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांपैकी मी एक असावे, असे मानायला माझ्याकडे सबळ कारणे आहेत, आणि रीतसर तपासणी करून तसे असल्यास किंवा नसल्यास सांगावे, एवढीच मागणी गेली काही वर्षे अडून राहिली आहे, म्हणून हे पत्र.

मी आंबा कॅनिंगच्या एका कारखान्यात हिशेब पाहते. हिशेब पैशाने चुकत नाही. पण दुपारी चौघींत डबा खायला बसले की कोण थट्टेने बोलले आणि कोण मनापासून, याचा मेळ लावण्यातच जेवण अर्धे राहते. हंगामात यंत्रांचा घरघराट, वाफ आणि पेट्या उतरवणाऱ्यांचा गलका एकदम अंगावर आला की घरी गेल्यावर तासभर मला बोलताच येत नाही. शिमग्यात पालखी अंगणात आली की ओटी भरून मी मागच्या पडवीत निघून जाते, ते श्रद्धा नाही म्हणून नव्हे, तर ढोल मला दातांत वाजतो म्हणून. सासरी याला माणूसघाणेपणा म्हणतात. धाकट्या बहिणीच्या मुलीची ऑटिझमची तपासणी होती तेव्हा मी सोबत गेले होते, तिथे विचारलेला एकेक प्रश्न ऐकून आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ही पण अशीच होती." विचार सुरू झाला तो तिथून.

चिंतेच्या तक्रारीसाठी मी ज्या समुपदेशकांकडे जाते, ते सज्जन आहेत आणि त्यांचा मला उपयोगही झाला आहे. परंतु ऑटिझमचा विषय काढला की त्यांचे उत्तर ठरलेले असते: तुम्ही डोळ्यांत बघून बोलता, नोकरी सांभाळता, संसार करता, मग या वयात हा शिक्का कशाला लावून घेता? यातल्या पहिल्या मुद्द्याचे उत्तर असे की मी डोळ्यांत बघत नाही, दोन भुवयांच्या मध्ये बघते, आणि ही युक्ती शाळेत "वर बघून बोल" म्हणून ओरडा बसल्यावर शिकले. हे माझे एकटीचे तर्कट नव्हे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे की लक्षणे लहानपणापासून असावी लागतात, परंतु समाजात वावरण्याच्या अपेक्षा झेपेनाशा होईपर्यंत ती पुरती उघड न होण्याचीही शक्यता असते आणि पुढे शिकून घेतलेल्या युक्त्यांनी ती झाकलीही जातात. आवाज, स्पर्श, उजेड यांचा अतिरेकी त्रास हाही त्याच पुस्तिकेने निकषांत घेतला आहे. राहिला नोकरीचा मुद्दा. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या मुलांवरून ऑटिझमचे वर्णन केले, त्यांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. तो पुढे मिसिसिपी राज्यातल्या आपल्या गावच्या बँकेत कित्येक दशके नोकरीला होता, स्वतः मोटार चालवत असे आणि २०२३ साली वयाच्या ८९ व्या वर्षी वारला. नोकरी टिकली म्हणजे ऑटिझम नाही, हा तर्क पहिल्याच रुग्णाला लागू पडत नाही.

समुपदेशकांची बाजूही मी समजू शकते. मोबाइलवर दोन मिनिटांचे व्हिडिओ पाहून स्वतःचे निदान करणारे बरेच झाले आहेत. सामाजिक भीती, मंत्रचळ (ओसीडी), बालपणीचा आघात, नैराश्य यांत दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टी ऑटिझमसारख्याच भासतात. घरबसल्या भरण्याच्या प्रश्नावल्या, उदाहरणार्थ २००१ साली केंब्रिजमध्ये तयार झालेली ५० प्रश्नांची एक्यू (ऑटिझम स्पेक्ट्रम कोशंट), या चाळणीपुरत्या आहेत, निदानासाठी नव्हेत. हे सगळे मान्य. पण हे सगळे तपासणी नीट करावी यासाठीचे मुद्दे आहेत. तपासणीच करू नये, हा निष्कर्ष त्यांतून निघत नाही. शिवाय यासाठी रक्ताची चाचणी किंवा स्कॅन नाही. लहानपणचा सविस्तर वृत्तान्त आणि जाणकाराने समोर बसून केलेले निरीक्षण, यांवरच ते ठरते. समुपदेशकाला तेवढे प्रशिक्षण नसेल तर त्यात कमीपणा काहीच नाही. मानसोपचारतज्ज्ञाच्या किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या नावे चार ओळींची चिठ्ठी दिली की त्यांचे काम संपते. ती चिठ्ठी मागितली तर मिळते ते "आधी चिंता आटोक्यात आणू, मग बघू" हे उत्तर.

मग बघू म्हणण्यात खरे नुकसान कोणते, ते सांगते. लहानपणचा वृत्तान्त सांगणार कोण? माझी आई पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. एसटीच्या थांब्यावरचे वेळापत्रक मला शाळेत जाण्याआधीच तोंडपाठ होते आणि आल्यागेल्याला मी ते पूर्ण ऐकवत असे, मात्र त्याच पाहुण्याने नाव विचारले की दाराआड जाऊन बसे, हे तिला आज लख्ख आठवते. नवे कापड धुऊन मऊ झाल्याशिवाय मी अंगाला लावू देत नसे, भातावर आमटी ओतली की ताट सरकवून देत असे, हेही तिनेच सांगितले. गेल्या पावसाळ्यापासून ती औषधाच्या गोळ्या घेतल्या की नाही, हे विसरू लागली आहे. ज्यांची आई हयात नाही, त्यांच्यासाठी मोठी भावंडे, मावशी, जुनी प्रगतिपुस्तके चालू शकतात. इंग्लंडमध्ये नाइस या संस्थेने २०१२ साली प्रौढांच्या ऑटिझमसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतही शक्य असेल तेव्हा नातेवाइकांची माहिती किंवा शाळेचे अहवाल घ्यावेत असे म्हटले आहे. माझ्या प्रगतिपुस्तकात बाईंनी "हुशार, पण मुलींत मिसळत नाही" असे लिहिलेले आहे. ते वाळवीने खाल्लेले नाही, हे कोकणात नशीबच म्हणायचे.

निदान झाल्याने काय फरक पडणार, असेही विचारले जाते. चिंतेवरचा नेहमीचा सल्ला असतो की गर्दी टाळू नका, रोज थोडे थोडे जा, भीती ओसरेल. मी तसे केले आणि दर वेळी अधिक थकून परत आले, कारण त्रास माणसांच्या भीतीचा नसून आवाजाचा होता. मूळ कारण कळले तर उपचाराची दिशाच बदलते. मला दिव्यांगत्वाचे कार्ड नको, सवलत नको. कारखान्यात टेबल मागच्या खोलीत हलवून मागायला एक आधार हवा आहे.

आता आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सोयींविषयी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत ऑटिझमचा समावेश केला आणि त्यात वयाची अट नाही. प्रत्यक्षात तपासणीचे जे सरकारी दार उघडे आहे, ते २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आणि त्याखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राचे, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतचे. अठरा वर्षांवरच्या माणसाने मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर गाठावे, तेही वृद्ध आईला रात्रीच्या गाडीत बसवून, ही अपेक्षा अवाजवी आहे. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे. तिथे, आणि सिंधुदुर्गात ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात, महिन्यातून एक ठरावीक दिवस प्रौढांच्या तपासणीसाठी ठेवावा. घरच्या वडीलधाऱ्यांकडून माहिती घेण्याचे काम व्हिडिओ कॉलवर उरकावे. आणि खासगी समुपदेशकांनी तपासणी स्वतः करायची नसेल तर तसे सांगून पहिल्याच भेटीत चिठ्ठी द्यावी. यांपैकी एखादी सोय आधीपासून असेल, तर ती कोणत्या वारी आणि कोणत्या खोलीत मिळते, तेवढे आपल्या अंकात ठळकपणे छापावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, कृपया प्रसिद्ध करू नये.)