दादू, सॉफ्टवेअर नंतर घे, आधी आवाज कुठे गेला ते बघ

चि. दादू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईत आणि मी मोटर उघडून बसलेलो, हात सगळे ग्रीसचे, म्हणून नीट बोलणं झालं नाही. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं पण माझा फोन निम्मा वेळ तुझ्या आईच्या हातात असतो आणि तिच्या साठाव्या वाढदिवसाला तू जुन्या व्हिडिओंचा जो पिक्चर बनवतोयस तो तिलाच आधी कळला तर मजा गेली, म्हणून दुकानाच्या कॉम्प्युटरवरून ईमेल करतोय. लांब आहे, रविवारी वाच.

तू विचारलंस की पप्पा, जुन्या व्हिडिओंना आवाजच नाही, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ, महिन्याच्या भाड्याचं ते मोठंवालं घेऊ का. थांब भो जरा. शेतकरी मोटर टेम्पोत टाकून आणतो आणि म्हणतो जळाली, नवीन वाइंडिंग भरा. मी आधी सिरीजचा बल्ब लावून बघतो, आणि कितीतरी वेळा कॅपॅसिटर गेलेला निघतो नाहीतर स्टार्टरची वायर सुटलेली. वाइंडिंगचे पैसे वाचले की तो मनुष्य एरंडोलभर माझं नाव घेतो. तुझं तसंच आहे, तू ज्याला आवाज नाही म्हणतोस त्यात प्रत्येक फाइलची बिमारी वेगळी आहे आणि एकीचं औषध दुसरीला लागू नाही. मी तीन रात्री बसलो, सगळा ड्राइव्ह उघडून बघितला.

मामाने आणलेला तो हॅन्डीकॅम आठवतो ना, छोट्या डीव्हीडीवर शूटिंग करायचा, एका डिस्कवर जेमतेम अर्धा तास. त्या फाइली व्हीओबी, म्हणजे डीव्हीडीवाल्या प्रकारच्या आहेत. तू ट्रायल घेतलेल्या एडिटरमध्ये चित्र आलं आणि खाली आवाजाची पट्टीच आली नाही, म्हणून तू समजलास की गेला. गेला नाही! तीच फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये लाव, खणखणीत वाजते. वाजत असताना कंट्रोल आणि जे दाबलं की कोडेकची, म्हणजे चित्र-आवाज कोणत्या पद्धतीने भरलाय त्याची माहिती येते, तिथे ऑडिओपुढे ए52, एसी3 असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे डॉल्बीवाला आवाज. त्याच्यासाठी कंपन्यांना लायसन्स घ्यावं लागायचं, म्हणून काही एडिटर तो वाचतच नाहीत आणि वाचत नाही असं सांगतही नाहीत, गप्प बसतात. नंतरच्या कॅमेऱ्याच्या एमटीएस फाइलींचंही बहुतेक हेच.

म्हणून मी शॉटकट नावाचं एडिटर टाकलं. फुकट आहे, आणि आतून एफएफएमपेग नावाची जी लायब्ररी वापरतं ती असल्या जुन्या फाइली सहसा उघडतेच. केडेनलाइव्ह पण त्याच जातीचं आहे, तुला टायटल-बियटलचा शौक असेल तर ते घे, मला त्याचे मेनू फार वाटले. दाविंची रिझॉल्व्हचं पण फुकट व्हर्जन आहे, रंगाच्या कामाला एक नंबर म्हणतात, पण ते 16 जीबी रॅम मागतं आणि आपल्या दुकानाच्या डब्यात 4 आहे, विषय संपला. मोबाईलची ॲपं रीलसाठी ठेव.

शॉटकटमध्ये फाइल टाकली आणि दादू, पहिला आवाज कोणाचा आला सांग. तुझ्या आईचा. कॅमेरा तिच्याच हातात होता ना म्हणून ती त्या सगळ्या शूटिंगमध्ये कुठे दिसतच नाही, आणि मागून ओरडतेय, "अहो ती मोटर बंद करा आधी, मुलाचं काही ऐकू येत नाहीये!" आणि तू पायरीवर उभा राहून शाळेची कविता म्हणतोयस आणि मी ट्रायल घेतोय पाच एचपीची. अख्खी कविता मोटरखाली गेली, पण आईचं ओरडणं स्वच्छ आहे. पिक्चर इथूनच सुरू कर असं माझं मत.

व्हीओबीचं एक ध्यानात ठेव, डीव्हीडी एक जीबीला फाइल तोडते, मध्येच वाक्य तुटलं असं वाटलं तर पुढचं वाक्य पुढच्या फाइलीत आहे, डिलीट करू नको.

आता व्हीएचएसच्या कॅसेटी, ज्या आपण एका दुकानातून कॉम्प्युटरवर करून आणल्या. त्यात आवाजाची पट्टी दिसते पण सरळ रेघ, पार झोपलेली. ऑडॅसिटी नावाच्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून आवाज वाढवून वाढवून बघितला, रेघ ती रेघच. बारीक का होईना केसासारखी वळवळ असती तर आवाज वाढवता आला असता, सपाट रेघेला जगातलं कोणतंही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही, महागातलं सुद्धा. मग मी मूळ कॅसेटच मागितली, व्हीसीआरवर लावली, तर आवाज आहे! त्या भल्या माणसाने नुसती पिवळी वायर लावली होती. पिवळीत चित्र जातं, आवाज पांढऱ्या आणि लाल वायरीत. हे मी वायरमन असून मला तेव्हा सुचलं नाही, बिल देऊन घरी आलो. व्हीसीआर भुसावळहून माझ्या रेल्वेतल्या मित्राकडून आणलाय, नीट सांभाळून परत द्यायचाय, कारण 2016 मध्ये शेवटच्या कंपनीने पण नवीन बनवणं थांबवलं. यूएसबीचा कॅप्चरवाला तुकडा लावतोस ना, तेव्हा चित्राचं डिव्हाइस वेगळं आणि आवाजाचं वेगळं निवडावं लागतं हे विसरू नको, नाहीतर लॅपटॉपच्या माईकमधून आपल्याच घरातला मिक्सर रेकॉर्ड होतो (झालं एकदा).

नवीन कॅप्चरमध्ये आवाज एकाच कानात येतोय. घाबरू नको, शॉटकटमध्ये कॉपी चॅनल नावाचा फिल्टर आहे, डावीकडचा उजवीकडे जातो. खरखर काढायला ऑडॅसिटी, जिथे कोणी बोलत नाही तेवढा तुकडा दाखवून त्याला सांगायचं की ही खरखर, हिला काढ. पण कमी काढ, जास्त काढली तर माणसं माठात तोंड घालून बोलल्यासारखी वाटतात. आणि प्रोजेक्ट पॅलचाच, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या मापाचाच ठेव, 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम. शॉटकटमध्ये जुनी क्लिप पहिली टाकली की ते आपोआप घेतं. रुंद पडद्यावर ताणू नको, बठ्ठ्या मावश्यांचे, सगळ्यांचेच, चेहरे पसरट रोटासारखे होतात.

आमच्या लग्नाच्या कॅसेटचा नाद सोड. शूटिंगवाल्याने वरून पिक्चरची गाणी टाकली आणि खालचा आवाज पुसला. एआयने गाण्यातून माणसाचा आवाज वेगळा निघतो म्हणतोस, निघत असेल, पण कॅसेटवर असेल तोच निघेल ना.

आता ती एक टेप, जिच्यासाठी तू खरं म्हणजे हे सगळं मांडलंयस. कानबाईची, आपल्या खानदेशातल्या देवीच्या सणाची. मिनी डीव्ही म्हणजे छोट्या कॅसेटवाली, नागपंचमीनंतरचा रविवार, आजी मधोमध बसलेली, मागे नारळाची कानबाई, आजूबाजूला बायका, तोंडं सगळ्यांची हलतायत आणि एक शब्द नाही. मी कॅमेऱ्यातूनच वाजवून बघितली, टीव्हीला लावून बघितली, रेघ सपाट. तू म्हणत होतास टेप खराब असेल. टेप ठीक आहे दादू. मी त्या दिवशी गाणी चांगली यावीत म्हणून जळगावहून बाहेरचा माईक आणून लावला होता, आणि बाहेरचा माईक लावला की कॅमेऱ्याचा आतला माईक बंद होतो. बाहेरच्याचा सेल उतरलेला होता. हेडफोन लावून एकदा ऐकलं असतं तर दोन मिनिटात कळलं असतं. तासभर मी शूटिंग करत उभा होतो, आजीकडे बघून मान डोलवत. इतकी वर्षं हे मी कोणाला सांगितलं नाही, आईला पण नाही.

तू म्हणालास एआयने आजीचा आवाज बनवू. नको. एक तर तिच्या आवाजाचा नमुना आपल्याकडे धड नाही, आणि दुसरं म्हणजे ते मशीन केळी म्हणेल. आजी जन्मात कधी केळी म्हणाली नाही, केयी म्हणायची, डोळा नाही डोया. आणि पिक्चरचं गाणं पण टाकू नको त्याच्यावर.

मी असं ठरवलंय. त्या व्हिडिओत बसलेल्यांपैकी तुझ्या दोन्ही आत्या आहेत, आणि शेजारची काकू आहे जिला अजून सगळी गाणी येतात. त्यांना दुकानात बोलवायचं, व्हिडिओ लावायचा, आणि आजीचे ओठ बघून कोणतं गाणं चाललंय ते त्यांना ओळखू द्यायचं. काल मोठ्या आत्याला पाच मिनिटं दाखवलं तर तिने लगेच सांगितलं, हे रोट भाजतानाचं गाणं, आणि इथे माय चुकली बघ, म्हणून हसतेय. ते हसणं मला इतकी वर्षं दिसत होतं पण कशाला ते माहीत नव्हतं. तर त्यांचं बोलणं, भांडणं, गाणं सगळं फोनवर रेकॉर्ड करायचं आणि शॉटकटमध्ये खाली दुसऱ्या ट्रॅकवर ठेवायचं. ओठाला ओठ जुळवायचा नाही, नाटक वाटेल. आत्या आत्ता बोलतायत हे कळू दे.

फोनचं रेकॉर्डिंग आधी सुरू करायचं आणि व्हिडिओ चालू होईल त्याच क्षणी टाळी वाजवायची, म्हणजे जुळवायला सोपं. आणि या वेळी हेडफोन तू लावून बसायचं, माझ्यावर सोडू नको.

शनिवारी रात्रीची गाडी धर. 64 जीबीचा पेनड्राइव्ह आण, पण एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून आण, फॅट32 असला तर चार जीबीच्या वरची फाइल तो घेत नाही, मागच्या वेळी तू उगीच पेनड्राइव्हला शिव्या देत होतास. आईला सांग की मोटारीच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर टाकायला येतोय. आणि माईकचे सेल आण, नवीन पाकीट, मी पण इथून एक घेऊन ठेवतो.

तुझे,
पप्पा