येझदीचा स्लो बसवून देणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

बाबांची जुनी येझदी मोटरसायकल आता भर दुपारी सात रस्त्याच्या सिग्नलला उभी राहते आणि स्लोवर, म्हणजे रेस न देता, एका लयीत ठोके देत राहते. तुमचे आभार मानायला लागलो, तर तुम्ही 'राहू द्या हो' म्हणून दुसऱ्या गाडीचा प्लग खोलायला बसलात. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण सोलापुरात ज्यांच्या दारात अजून जुनी जावा-येझदी उभी आहे, त्यांना तुम्ही नेमकं काय केलंत ते कळायला हवं.

गाडी थंड असताना ठीक चालायची. तापली की रेस आपोआप चढायची आणि हात सोडला तरी लवकर उतरायची नाही. स्लो कमी करून घ्यावा, तर दुसऱ्या दिवशी सकाळी किक मारली की लगेच बंद. तुमच्याकडे येण्याआधी जिथे जिथे दाखवली, तिथे स्क्रू फिरवून बघितले गेले आणि शेवटी एकच सल्ला मिळाला: कार्बोरेटर (इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणारा भाग) बदला. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. बाबांच्या गाडीवरचा कार्बोरेटर मूळचा आहे, तो काढून बाजारातला कुठलाही बसवायचा, हे आमच्या जिवावर आलं होतं.

तुम्ही आधी पान्याला हातच लावला नाहीत. विचारत बसलात. रेस थंडीत चढते की तापल्यावर? धूर वाढलाय का? गिअरचं ऑइल कमी होतंय का? मग इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवलंत. रेस जागची हलली नाही, म्हणजे केबल ओढली जात नव्हती. प्लग काढलात, तो पांढरा पडलेला, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. स्लोच्या हवेचं प्रमाण ठरवणारा एअर स्क्रू थोडा आत, थोडा बाहेर केलात, इंजिनाने दादच दिली नाही. स्लोला पेट्रोल पुरवणारं पायलट जेट काढून उजेडाकडे धरलंत, भोक स्वच्छ. तेव्हा म्हणालात, "कार्बोरेटरला कशाला बोल लावायचा? हवा दुसरीकडनंच शिरतीय."

आणि ती कुठून शिरते, हे तुम्ही मला डोळ्यांनी दाखवलंत. कार्बोरेटर जिथे सिलिंडरला बसतो, त्या जोडाभोवती बोटाने जाड ग्रीस फासलंत आणि रेस तिथल्या तिथे खाली आली. कार्बोरेटर उतरवलात, काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवून त्याची बैठक त्यावर हलकेच घासलीत. नट बसतात ते दोन्ही कान चकाकले, मधला भाग काळाच राहिला. वर्षानुवर्षं कुणी ना कुणी नट जोर लावून आवळत गेलं, त्यात कान वाकले होते. पूर्ण पृष्ठभाग एकसारखा चमकेपर्यंत तुम्ही घासत राहिलात. नवं पॅकिंग घातलंत आणि दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळलेत.

इथे कुणीही गाडी हातात दिली असती. तुम्ही मात्र होटगी रोडला एक लांब चक्कर मारून आलात आणि म्हणालात, "अजून थोडी चढतीय." क्रँकच्या दोन्ही टोकांना हवा अडवणारी रबरी सीलं असतात, त्यातलं क्लचकडचं गेलं असतं तर इंजिनाने गिअरचं ऑइल ओढून धूर काढला असता. तसं काही नव्हतं, म्हणून तुमचा संशय दुसऱ्या टोकाच्या, वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटकडच्या सीलवर. मॅग्नेट उतरवलंत आणि ते सील माझ्या हातावर ठेवलंत. रबराची कड कडक भाकरीसारखी वाळलेली, नखाने दाबली तरी वाकेना. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या बंद भागात) जी ओढ तयार होते, तिने त्या कडेतून बाहेरची हवा आत खेचली जात होती. नवं सील बसल्यावर ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटची फट फिलर गेजने ०.४ मिलिमीटरला लावलीत आणि मग, अगदी शेवटी, तापलेल्या इंजिनावर स्लोच्या स्क्रूला हात घातलात. तो एअर स्क्रू आता ऐकायला लागला होता!

तुम्ही सांगितलेली एक गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो. येझदीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात वंगण पेट्रोलमधूनच येतं. फालतू हवा शिरली की नुसती रेस चढत नाही, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं आणि त्यासोबत ऑइलही. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. तशा उन्हात तुळजापूरपर्यंत गाडी ताणली असती तर पिस्टन जाम झाला असता. पाठीमागे बाबा बसलेले असताना हे घाटात झालं असतं, या विचाराने अजूनही पोटात गोळा येतो. तुम्ही आमची गाडी वाचवलीत, आणि मला वाटतं आम्हालाही.

तुमच्याकडे शिकणाऱ्या पोरांचेही आभार. काच धरणाऱ्या त्या पोराला तुम्ही प्रत्येक वेळी "का?" असं विचारत होतात आणि त्याचं उत्तर येईपर्यंत थांबत होतात.

एक तक्रार मात्र आहे. तुम्ही पैसे फक्त सीलचे आणि पॅकिंगचे घेतलेत. बाबांना हे मुळीच मान्य नाही. येत्या रविवारी ते स्वतः येझदीवर येणार आहेत, मी पाठीमागे बसेन. आई शेंगाचटणीचा डबा भरून देतेय, त्याला नाही म्हणू नका. मजुरीचं तुम्ही आणि बाबा काय ते बघून घ्या.

आपला,
येझदीवाल्यांचा मुलगा