दिवाळीच्या बंबाआधी धुराडं साफ करा

संपादक महाशय,

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी भागात पावसाळाभर ओलं जळण आणि सर्दावलेल्या शेणी चुलीत जातात. त्यांची वाफ आणि धुरातलं डांबर धुराड्याच्या वरच्या थंड भागात थिजतं. भुसभुशीत काजळी ब्रशने सुटते. चकचकीत डांबरी थर मात्र घट्ट बसतो आणि पुढे तोच पेट घेतो. थर ३ मिलिमीटर झाला की चालढकल नको.

आदल्या रात्रीपासून चूल विझलेली हवी. चुलीचं तोंड आणि वैल (दुसरं भांडं ठेवायचं बाजूचं तोंड) ओल्या पोत्याने झाकावं, नाहीतर सगळी काजळी स्वयंपाकघरात उतरते. वरची टोपी काढावी. पाइपच्या आतल्या मापाचा गोल ब्रश दोरीला बांधून, खाली वजन लावून, पाच-सहा वेळा खालीवर ओढावा. सैल ब्रश नुसताच फिरतो. फांदी खुपसू नये, मोडून अडकते. वैलाच्या मागे, जिथे धूर पाइपात वळतो, तिथे सर्वांत जास्त काजळी साचते आणि नेमकी तीच जागा राहून जाते. ती लांब पळीने उपसावी. काजळीत निखारा दडलेला असू शकतो, म्हणून प्लास्टिकची नव्हे, पत्र्याची बादली घ्यावी. शेवटी चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरावी. धूर आत ओढला गेला नाही तर कुठेतरी अडथळा आहे, बहुधा टोपीत पाखरांचं घरटं.

जुन्या निर्धूर चुलींचे पाइप बऱ्याचदा ॲस्बेस्टॉस सिमेंटचे असतात. त्यांना तारेचा ब्रश कधीही लावू नये. सुटलेले तंतू फुप्फुसात जातात. आतून पाणी मारून काथ्याचा मऊ ब्रश फिरवावा. तडकलेला पाइप खरवडण्यापेक्षा बदललेला बरा.

काजळी जाळायला रॉकेल ओतणं म्हणजे घराला आग लावणं. धुराडं पेटलंच तर त्यात पाणी ओतू नका, तापलेला पाइप फुटतो. चुलीचं तोंड पत्र्याने बंद करून सगळ्यांनी बाहेर पडावं आणि १०१ वर फोन करावा.

बंबाच्या मधल्या नळीतही काजळी धरते. मग पाणी उशिरा तापतं, जळण जास्त लागतं. नळी तांब्याची असल्याने इथेही काथ्याच वापरावा आणि खालची जाळी राखेने बुजू देऊ नये. बंद न्हाणीघरात बंब पेटवणं जिवावर बेततं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रत्येक घराने तीन आणि चार इंची ब्रश विकत घ्यावा हे शक्य नाही. ग्रामपंचायतींनी दोन्ही मापांचे ब्रश, दोरी आणि शिडी असा एक संच ठेवून दसऱ्यानंतर आळीपाळीने द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, करवीर, जि. कोल्हापूर